आकाशापासून संगणकापर्यंत, व्हाया खोडद

खोडदला मी पहिल्यांदा गेलो तो आठवीत असताना, २०११ च्या विज्ञान दिनाला. आमची शाळा आंबेगाव तालुक्यातली, मंचरच्या पुढची. २८ फेब्रुवारीला जीएमआरटी सगळ्यांना बघायला खुली असते आणि आसपासच्या शाळा तिथे आपापले प्रयोग मांडतात, म्हणून सरांनी दोन जीप ठरवल्या होत्या. नारायणगावातून आत वळल्यावर थोड्या वेळाने द्राक्षांच्या मांडवांवरून पहिली अँटेना दिसली आणि आख्खी जीप गप्प झाली. ४५ मीटर व्यासाची जाळीची थाळी. आमच्या गावातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

माझा एकच प्रश्न होता : डोळा कुठे लावायचा? माहिती सांगणारे काका हसले आणि आम्हाला आत एका खोलीत घेऊन गेले. तिथे एक संगणक होता आणि पडद्यावर वेडीवाकडी थरथरणारी रेघ. ‘हेच आकाश,’ ते म्हणाले. मला फसवल्यासारखं वाटलं. येताना सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले होते, त्याचाही राग होता. (माझ्याकडे मोबाइल नव्हताच. पण मित्राच्या मोबाइलवर फोटो काढायचा बेत होता.)

त्या रेघेचा राग जायला मला दहाएक वर्षं लागली. आज मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कारखान्यांतल्या यंत्रांवर सेन्सर बसवायचे आणि त्यांचे आकडे संगणकात आणायचे, हे माझं काम. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्यात मोटरचं बेअरिंग गेलं आणि लाइन बंद पडली. मला विचारलं गेलं, ‘तुझ्या डेटात आधी काही दिसलं नव्हतं का?’ मी महिनाभराचा डेटा उघडला. सगळं सपाट. चूक माझीच होती. मी कंपनाचं मोजमाप सेकंदाला १० वेळा घेत होतो आणि बिघडत चाललेलं बेअरिंग सेकंदाला शेकडो वेळा थरथरत होतं. म्हणजे मोटर महिनाभर सांगत होती आणि माझा प्रोग्राम दोन शब्दांच्या मधल्या शांततेतच कान लावत होता. तो डेटा आता जगातला कुठलाही संगणक परत आणू शकत नाही. जे मोजलंच नाही, ते नंतर हिशोब करून सापडत नाही.

त्यानंतर मी खोडदबद्दल वाचायला लागलो. शाळेतून दिसायचं त्या अंतरावर जगातली एक मोठी टीम हाच प्रश्न कित्येक वर्षं सोडवत होती : बाहेरचं जग सलग वाहतं आणि संगणकाला फक्त आकडे कळतात, तर एकाचं दुसऱ्यात रूपांतर नेमकं कुठे, किती वेळा आणि किती बारकाईने करायचं?

या प्रश्नाचा इतिहास कागदापासून सुरू होतो. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल नावाची विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीचा सिग्नल चार्ट रेकॉर्डरवर घ्यायची. सिग्नल वाढला की पेन वर, कमी झाला की खाली आणि कागद सरकत राहणार. रोज जवळपास ९६ फूट कागद. तो ती डोळ्यांनी वाचायची. त्यात एका जागी तिला जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांबीचा एक खरवडल्यासारखा डाग पुन्हापुन्हा दिसला. तिने कागदाचा वेग वाढवला तेव्हा तो डाग सुटा झाला : दर १.३ सेकंदांनी एक ठोका. पहिला पल्सार. सावकाश सरकणाऱ्या कागदावर हे ठोके एकमेकांवर चढून डाग झाले होते. हे वाचताना मला माझी मोटर आठवली. फरक इतकाच की बेलबाईंनी वेग वाढवला आणि मी वाढवला नाही.

कागदाची जागा संगणकाने घ्यायला सुरुवात त्याच दशकात झाली होती. तोवर संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीतला राजा. तुम्ही कार्डांचा गठ्ठा खिडकीतून द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. त्याला प्रयोगशाळेतली वायर जोडायची कल्पना फारसं कुणी करत नव्हतं. १९६२ मध्ये अमेरिकेत वेस्ली क्लार्क आणि चार्ल्स मोलनार यांनी लिंक नावाचं यंत्र केलं, तेही जीवशास्त्रज्ञांसाठी. मेंदूतला किंवा हृदयातला विजेचा सिग्नल सरळ आत घ्यायची सोय त्यात होती. पुढे १९६५ मध्ये पीडीपी-८ आला. किंमत १८,००० डॉलर, मेमरी ४,०९६ शब्दांची, एक शब्द १२ बिटांचा. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय त्याच्या एका फोटोतसुद्धा याच्या शेकडो पट माहिती असते. पण हा मिनिकॉम्प्युटर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मावायचा आणि यंत्राला जोडून रात्रभर आकडे गोळा करायचा. आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याला अणुशक्तीच्या लोकांनी असाच १२ बिटांचा संगणक घडवला. नाव टीडीसी-१२, म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. १९६९ मध्ये तो तयार झाला आणि हैदराबादच्या ईसीआयएलने पुढे त्याची भावंडं विकली.

या सगळ्या यंत्रांच्या दारात एक छोटासा भाग बसलेला असतो, ज्याचं नाव कुणी घेत नाही : ए-टू-डी कन्व्हर्टर. तो ठरावीक ठोक्याला व्होल्टेजकडे बघतो आणि एक आकडा सांगतो. पुढच्या ठोक्याला पुन्हा. प्रत्येक वेळच्या अशा मोजमापाला सॅम्पल म्हणतात. नियम असा की सिग्नलमधली सर्वांत जलद थरथर जितकी, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा सॅम्पल घ्यावा लागतो. नाहीतर जलद थरथर संथ असल्याचं सोंग घेऊन आकड्यांत शिरते. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तेच.

आता खोडद. या गोष्टीतले मुख्य गृहस्थ गोविंद स्वरूप. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये त्यांनी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा केला. सुरुवात झाली कल्याणला. ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या, सहा फुटी ३२ थाळ्या तिथे १९६५ मध्ये उभ्या राहिल्या आणि सूर्याकडे वळल्या. मग १९७० मध्ये उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. ऐंशीच्या दशकात त्यांनी त्याहून मोठं स्वप्न मांडलं आणि जागा ठरली जुन्नर तालुक्यात. कारणं व्यवहाराची होती. आजूबाजूला डोंगर असल्याने शहरांचा रेडिओ गोंगाट अडतो, मोठे कारखाने नाहीत आणि पुणे ८० किलोमीटरवर.

मोजदाद जुन्नरला तशी नवी नाही. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात दान दिलेल्या गायी-घोड्यांचे आकडे कोरलेले आहेत आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये ते मोजले जातात.

खोडदला आणि आसपासच्या शिवारांत मिळून ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी, साधारण एक किलोमीटरच्या चौकात. बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. टोकाटोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. मधल्या अँटेनांना सी, पूर्वेच्यांना ई, दक्षिणेच्यांना एस आणि पश्चिमेच्यांना डब्ल्यू अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक. क्रमांक सलग नाहीत. सी-०७ नावाची अँटेनाच नाही. जुन्या प्रोग्राममध्ये अशी गाळलेली जागा मी खूप पाहिली आहे, त्यामुळे हे वाचून मला उगाच बरं वाटलं. थाळ्या पत्र्याच्या न करता बारीक स्टीलच्या तारांच्या जाळीच्या केल्या, दोरखंडांवर ताणून. वारा आरपार जातो, वजन वाचतं आणि पैसाही. जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ ला समर्पित झाली.

प्रत्येक अँटेनावर दोन सिग्नल तयार होतात, रेडिओलहरींच्या दोन दिशांच्या कंपनांचे. म्हणजे एकूण ६०. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेला निर्णय इथे आहे. हे ६० सिग्नल अँटेनाखाली लगेच आकड्यांत बदलत नाहीत. ते ॲनालॉगच राहतात. तसेच्या तसे लेझरच्या प्रकाशावर चढतात आणि जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून, कांद्याच्या वावरांखालून, ओढ्यांच्या कडेने, मधल्या इमारतीत येतात. दूरच्या अँटेनाला दहा किलोमीटरहून जास्त प्रवास. मगच, सगळे एका छताखाली आल्यावर, एकाच घड्याळाच्या ठोक्यावर त्यांचे आकडे होतात.

एकच घड्याळ का, तर दुर्बिणीचं सगळं काम तुलनेचं आहे. दूरच्या ताऱ्याची लहर एका अँटेनावर आधी पोचते, दुसऱ्यावर नंतर. हा उशीर भरून काढून प्रत्येक अँटेनाची प्रत्येक दुसरीशी गाठ घालायची. ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एक तुकडा देते. मूळ यंत्रणेत सेकंदाला ३ कोटी २० लाख सॅम्पल घेतले जायचे. दोन सॅम्पलच्या मधल्या वेळात प्रकाश जेमतेम नऊ-साडेनऊ मीटर जातो. दोन अँटेनांचं घड्याळ तेवढं जरी चुकलं तरी तुलना बिघडते.

आणि प्रत्येक सॅम्पल किती बारीक? चार बिट. म्हणजे फक्त १६ पायऱ्या. मी कारखान्यातल्या फडतूस सेन्सरलाही १२ बिट वापरतो, म्हणजे ४,०९६ पायऱ्या. आकाशातल्या सर्वांत क्षीण सिग्नलला १६ पायऱ्या कशा पुरतात, यावर मी दोन रात्री घालवल्या. उत्तर असं की एका सॅम्पलमध्ये जवळपास सगळा गोंगाटच असतो : रिसीव्हरचा, जमिनीचा, आपल्या आकाशगंगेचा. तो गोंगाट कितीही बारकाईने लिहिला तरी उपयोग नाही. पण दोन अँटेनांचा गोंगाट वेगवेगळा असतो आणि ताऱ्याचा सिग्नल दोन्हींत तोच असतो. कोट्यवधी सॅम्पलचे गुणाकार करून बेरीज घेतली की गोंगाट आपसांत कटतो आणि तारा उरतो. पाचशे लोकांच्या लग्नात दोन टोकांना बसून दोघांनी फक्त ‘जोरात’ की ‘हळू’ एवढंच लिहीत राहावं आणि दोघांच्या वह्या जुळवून कोपऱ्यातला सनईवाला ओळखावा, तसं.

हे गुणाकार करणारं यंत्र म्हणजे कोरिलेटर. पहिला कोरिलेटर हार्डवेअरचा होता : अमेरिकेतल्या व्हीएलबीए दुर्बिणीसाठी बनलेल्या खास चिप, बोर्ड, वायरींचं जंगल. त्याला जे शिकवलं तेवढंच तो करायचा. नवीन काही करायचं तर पुन्हा सोल्डरिंग. एखाद्या शास्त्रज्ञाला पल्साराचे ठोके अधिक बारीक हवे असले तरी यंत्राला ते माहीत नव्हतं.

मी आठवीत ती रेघ पाहिली त्याच सुमारास खोडदला एक मोठा बदल होत होता. एनसीआरएचे जयंत रॉय, यशवंत गुप्ता, त्यांचे सहकारी आणि कॅनडाचे उ-ली पेन, अमेरिकेतले जेफ्री पीटरसन यांनी कोरिलेटर सॉफ्टवेअरमध्ये लिहिला. त्याचा शोधनिबंध २०१० चा. बाजारात मिळणारी ए-टू-डी कार्डं साध्या संगणकांत खोचली, लिनक्सवर चालणारे संगणक जाळ्याने एकमेकांना जोडले आणि आधी जे काम खास चिप करायच्या ते प्रोग्राम करायला लागला. गोविंद स्वरूपांच्या दुर्बिणीला, गमतीने म्हणायचं तर, मिनिकॉम्प्युटरच्या जमान्यातलीच युक्ती पुन्हा लावली : कार्ड खोचा, वायर जोडा, बाकीचं प्रोग्राममध्ये. फक्त आकडे फार मोठे होते. ६० सिग्नल गुणिले ३ कोटी २० लाख, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन अब्ज सॅम्पल. आणि आता गरज पडली तर कच्चे सॅम्पलच डिस्कवर साठवून नंतर निवांत बघता येऊ लागले. माझ्यासारख्या, महिन्याचा डेटा उघडून सपाट रेघ बघितलेल्या माणसाला या वाक्याची किंमत कळते.

पुढे दुर्बिणीचंच नूतनीकरण झालं. सिग्नलची रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. आता सॅम्पल सेकंदाला ८० कोटी, दारात एफपीजीए बोर्ड आणि आत ग्राफिक्स कार्डं, तीच जी गेम खेळायला घेतात त्या घराण्यातली. २०२३ च्या जूनमध्ये पल्सारांच्या ठोक्यांतून अतिसंथ गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचं जगभरच्या गटांनी जाहीर केलं, त्यात इथली निरीक्षणं होती.

पण मला विचाराल तर खोडदची सर्वांत नाट्यमय रात्र १९ ऑक्टोबर २०१६ ची. युरोपचं स्किआपरेली यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा जेमतेम काही वॅटचा सिग्नल थेट पकडायला जीएमआरटी मंगळाकडे वळली होती. कोट्यवधी किलोमीटरवरून एक बारीक रेघ पडद्यावर आली. यान वातावरणात शिरलं, पॅराशूट उघडलं, रेघ सरकत राहिली. आणि उतरायच्या थोडं आधी थांबली. नंतरच्या चौकशीत निघालं की यानाच्या गिरक्या मोजणारा सेन्सर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ त्याच्या वरच्या मर्यादेला अडकून बसला. तो ‘याहून जास्त मला मोजता येत नाही’ एवढंच सांगत राहिला. प्रोग्रामने तो आकडा खरा धरला, यान जमिनीच्या खाली गेलंय असा हिशोब केला आणि हवेतच इंजिनं बंद केली. इकडे जुन्नरच्या दुर्बिणीने १६ पायऱ्यांचा वारसा सांगत ती रेघ अचूक टिपली आणि तिकडे मंगळावर एका सेन्सरच्या पायऱ्या संपल्या.

आता घरची गोष्ट. आमच्या गावाला डीपी आहे. पावसाळ्यात तिच्यावर ठिणग्या उडतात. वीजवाहिन्यांवरची अशी ठिणगी म्हणजे रेडिओलहरींचा एक रुंद फटकाच असतो आणि दुर्बिणीच्या दृष्टीने तो कुठल्याही ताऱ्यापेक्षा कितीतरी जोरात. सगळे सॅम्पल बेरजेत गेल्यावर तो वेगळा काढता येत नाही. म्हणून खोडदच्या इंजिनिअरांनी दारातल्या बोर्डांवरच अशी व्यवस्था केली की सॅम्पल येता येताच, बेरजेच्या आधी, नेहमीपेक्षा फार उंच उडालेला आकडा ओळखायचा आणि बदलायचा. म्हणजे आमच्या डीपीची ठिणगी आकाशाच्या हिशोबातून वगळणारं एक सर्किट तिथे बसलेलं आहे. नूतनीकरणानंतरच्या पट्ट्यांमध्ये ८५० ते १,०५० मेगाहर्ट्झमध्ये फट आहे आणि आपल्या मोबाइलचा ९०० चा पट्टा त्या फटीतच बसतो. पण मोबाइल फक्त तिथेच बोलतो असं नाही, म्हणून फाटकावर फोन अजूनही बंद करतात.

या शांततेचा हिशोब दोन्ही तालुके भरतात. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आधीचा मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा होता. विजेवरची गाडी म्हणजे तारेवर ठिणग्या, आणि दुर्बिणीला त्रास होईल हे कारण देऊन रेल्वेमंत्र्यांनी तो मार्ग बाजूला ठेवला. दिवाळीत घरी गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, ‘तुमच्या त्या छत्र्यांपायी गाडी गेली म्हणतात. खरं का?’ दुर्बीण माझी कधी झाली ते मला कळलं नाही. त्यांना टोमॅटो मुंबईला न्यायला पहाटे टेम्पो शोधावा लागतो. चुलत बहीण रोज एसटीने पुण्याला जाते. त्यांच्यासमोर गुरुत्वीय लहरींचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

मी एवढंच म्हणालो की सर्किट ठिणगी ओळखून काढू शकतं, पण काही ठरावीक प्रमाणातच. दर सेकंदाला ठिणगी पडायला लागली तर काढण्यासारखंच सगळं उरतं. मग बोगदा, आडोसा, वेगळी वीजव्यवस्था यांवर इंजिनिअरांनी आणि रेल्वेने एकत्र बसून आकडे मांडायला हवेत, आणि ते आकडे मंचरच्या चौकात मराठीत लावायला हवेत. हे माझं मत. दुर्बीणही राहावी आणि गाडीही यावी असं म्हणणारा मी काही एकटा नाही. पण दोन्ही बाजूंची भाषणं मी ऐकली, त्यांत डेसिबलचा एक आकडा कुणी उच्चारला नाही.

वडील म्हणाले, ‘मग तू सांग ना जाऊन.’

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून दोघं खोडदच्या रस्त्याने गेलो. ते तिथे कधीच आत गेले नव्हते, तीस वर्षं बांधावरूनच बघत आलेत. एका फाट्यावरच्या अँटेनाजवळ थांबलो. थाळी सावकाश फिरत होती, इतकी सावकाश की खांबाची कड नजरेत धरल्याशिवाय कळत नव्हतं. वडिलांनी खिशातून फोन काढला, माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबून बंद केला. मग विचारलं, ‘वायर कुठून जाते?’ मी पायाखाली बोट दाखवलं.